वायरलेस प्रिंटर सारखा ऑफलाइन जातोय : आपापले अनुभव सांगा

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामाचं दुकान परभणी जिल्ह्यात, तहसीलच्या रस्त्यावर. जुलैचा शेवटचा आठवडा, पीक विमा भरायला माणसं दारात बसलेली. सातबारा, आठ अ, स्वयंघोषणापत्र, विम्याची पावती असं एकेकाचं चार-पाच पानांचं काम. प्रिंट दिली की स्क्रीनवर 'ऑफलाइन'. प्रिंटरवरचा वायफायचा निळा दिवा मात्र लागलेलाच, जरासुद्धा लुकलुकत नव्हता. बंद करून चालू केला की दहा-बारा पानं निघायची, थोड्या वेळानं परत तेच. एक मामा सकाळच्या एसटीनं आले होते, त्यांना दोनच्या गाडीनं परत जायचं होतं. पानं हातात पडेस्तोवर साडेचार वाजले. मामा एका शब्दानं बोलले नाहीत, पण ती गोष्ट माझ्या मनाला लागून राहिलीय.

दुरुस्तीवाल्यानं बघितलं आणि वायफाय कार्ड गेलं, नवाच घ्या म्हणाला. पंधरा-सोळा हजारांची गोष्ट आहे, म्हणून घ्यायच्या आधी विचारतोय. ज्यांचा प्रिंटर असा तुटत होता आणि आता नीट चालतोय, त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा. नेमकं काय सापडलं, कशानं थांबलं, तुमच्याकडं लाईट किती जाते, राउटर कुठं ठेवलाय, सगळं. 'रीस्टार्ट करून बघा' एवढंच लिहू नका, ते रोज दहादा करतोय.

जालना, मोंढ्यातल्या अडत दुकानात हिशेब बघते

दादा, नवा घेऊ नका, आधी पत्ता तपासा, म्हणजे राउटर प्रत्येक यंत्राला देतो तो आकड्यांचा आयपी पत्ता. आमचा प्रिंटर दर सोमवारी बंद पडायचा. रविवारी दुकान बंद, जाताना मेन स्विच बंद. सोमवारी सगळं चालू केलं की राउटर प्रत्येक यंत्राला नव्यानं पत्ता वाटतो, जो आधी येईल त्याला आधीचा. साध्या राउटरला लाईट गेली की आधी कुणाला काय दिलं होतं ते बहुतेक वेळा आठवत नाही.

प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचं पान छापून घेतलं, त्यावर पत्ता होता १९२.१६८.१.७. मग कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडून बघितलं, तर तिथं १९२.१६८.१.४. म्हणजे आमचा कॉम्प्युटर चार नंबरच्या दारावर हाका मारत होता आणि प्रिंटर सात नंबरला जाऊन बसला होता. चार नंबर राउटरच्या यादीत शोधला तर तो मालकांच्या मोबाइलला मिळालेला! तीन महिने आम्ही प्रिंटरला दोष देत होतो.

उपाय असा : त्याच छापलेल्या पानावर प्रिंटरचा मॅक अॅड्रेस असतो, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडायचं, डीएचसीपीमध्ये (राउटर पत्ते वाटतो ती सेटिंग) अॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणून असतं, तिथं तो मॅक अॅड्रेस आणि एक पत्ता लिहून ठेवायचा. आम्ही शेवटचा आकडा ५० दिलाय. आता लाईट कितीदाही जाऊ द्या, प्रिंटर पन्नासलाच सापडतो. मात्र कॉम्प्युटरच्या पोर्टमध्येही तोच पत्ता टाकावा लागतो, ते विसरलं तर केलेलं सगळं वाया.

लातूर, खासगी क्लासमध्ये टेस्ट पेपर काढतो

आमच्याकडं वेगळं निघालं. जुन्या राउटरवर प्रिंटर दोन वर्षं गुमान चालला. फायबर घेतलं, नवा राउटर आला आणि त्या दिवसापासून रोज तुटायला लागला. बहुतेक वायरलेस प्रिंटर, निदान आपल्या बजेटमधले, २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. नवा राउटर २.४ आणि ५ या वायफायच्या दोन्ही बँडला (लहरींच्या पट्ट्यांना) एकच नाव देऊन यंत्रांना इकडून तिकडं ढकलत असतो. मोबाइलला ते जमतं, प्रिंटर मात्र मध्येच सुटतो.

राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिली आणि प्रिंटर २.४ वाल्याला जोडला. वायफायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए३ होती, ती डब्ल्यूपीए२ केली, कारण जुन्या प्रिंटरला ३ कळतच नाही. चॅनल ऑटोवर होता, तो ६ वर पक्का केला. आमच्या गल्लीत क्लासच क्लास आहेत, भिंतीला भिंत लागून वायफाय. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारी कोणत्यावर आहे ते मोबाइलच्या अॅपवर बघून उरलेला घ्यायचा. पूर्वी परीक्षेच्या आदल्या रात्री दोनशे पोरांचे पेपर काढताना पोटात गोळा यायचा, आता येत नाही.

अंबाजोगाई

थोडक्यात सांगते. राउटर लोखंडी कपाटाच्या मागं होता आणि प्रिंटर कपाटाच्या पुढं. कपाट सरकवलं, झालं. उन्हाळ्यात मध्ये कूलर ठेवला की परत त्रास होतो, कूलरचा पत्रा आणि आतलं पाणी दोन्ही सिग्नल अडवतात. मध्ये पत्रा येत असेल तर राउटर दुसऱ्या खोलीत ठेवूच नका.

धाराशिव जिल्हा, गावातलं सेवा केंद्र

लाईटीचं मी सांगतो, कारण आमच्याकडं खरं दुखणं तेच हाय. दिवसातून पाच-सहादा जाती, कधी दोन मिनिटं तर कधी दोन तास. आली की प्रिंटर अर्ध्या मिनिटात उठतो आणि नेटवर्क शोधतो. फायबरचा डबा आणि राउटर उठायला मात्र दोन-तीन मिनिटं घेतात. प्रिंटर काही वेळ शोधतो, सापडंना की गप बसतो. त्यानंतर वायफाय आलं तरी आमचा हा प्रिंटर आपणहून जोडतच नव्हता.

एकदा मुद्दाम घड्याळ घेऊन समोर बसलो. लाईट आली, प्रिंटरचा दिवा लुकलुकायला लागला, मग लुकलुकणं थांबून बंद झाला, आणि त्याच्यानंतर कुठं राउटरचा इंटरनेटचा दिवा हिरवा झाला. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. डब्याच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचूनच घ्यायचा. आता राउटर झोपतच नाही, त्यामुळं जालन्याच्या ताईंनी सांगितलेली पत्ते बदलायची भानगडबी कमी झाली. एक कळकळीची सूचना : लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसला लावू नका. आतला हीटर तापताना एकदम जोराचा करंट ओढतो, यूपीएस ट्रिप होतो नाहीतर जळतो. आमच्या शेजाऱ्याचा गेलाय.

हिंगोली

आमच्याकडं राउटरच नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं. मी फोन खिशात घालून जेवायला गेलो की दुकानातलं नेटवर्कच माझ्याबरोबर जायचं! आणि परत येऊन हॉटस्पॉट चालू केला की पत्ते निराळेच. शेवटी एक साधा राउटर घेतला, इंटरनेटची वायर न लावता. प्रिंट काढायला इंटरनेट लागत नाही ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच राउटरवर असले की बस. कॉम्प्युटरला इंटरनेट यूएसबी वायरनं मोबाइलमधून देतो.

नांदेड, निवृत्त शिक्षिका

माझ्याकडे पत्ता बरोबर होता, सिग्नल उत्तम होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग केल्यावर, म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून बघितल्यावर, प्रिंटर उत्तर देत होता. तरीही विंडोज ऑफलाइनच दाखवत होतं. भाच्याने फोनवरून एक जागा सांगितली : पोर्ट्समध्ये कॉन्फिगर पोर्ट उघडायचं आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ची टिक काढायची. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारत असतं. उत्तर आलं नाही की प्रिंटर जिवंत असूनही त्याला बंद समजतं. टिक काढली आणि अडकलेली सात पानं एका दमात बाहेर आली. त्याआधी मी त्या सातही प्रिंटा तीन-तीनदा दिल्या होत्या, म्हणून सांगते, रांगेतल्या जुन्या प्रिंटा आधी रद्द करा, नाहीतर कागद वाया जातो.

छत्रपती संभाजीनगर, वाळूज

दोन गोष्टी बघा. लॅपटॉपवर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) चालू असेल तर घरातला प्रिंटर पुष्कळदा दिसत नाही. आणि प्रिंटर चुकून गेस्ट नेटवर्कला (राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) जोडलेला असेल तर इंटरनेट मिळतं पण बाकीची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. माझं दुसरं होतं.

बीड

मी सगळं करून बघितलं आणि शेवटी केबल टाकली. तुमच्या प्रिंटरला मागं लॅनचा खाच असेल तर वायफायचा नाद कशाला? लॅनची केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपली दुकानं दहा बाय बारा. ज्या यंत्रावर रोजची भाकरी आहे ते हवेवर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वायफाय घरी ठेवा.

धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुकान बंद केल्यावर बसलो आणि एकेक तपासत गेलो. कपाट नाही, बँड बरोबर, गेस्ट नेटवर्क नाही. पोर्ट्स उघडलं तर तिथं पत्ताच नव्हता, 'डब्ल्यूएसडी' असं काहीतरी लिहिलेलं. शोधल्यावर कळलं की विंडोज प्रिंटर आपोआप जोडतं तेव्हा पुष्कळदा असं पोर्ट घेतं. त्यात पक्का पत्ता नसतो, प्रिंटरनं नेटवर्कवर दिलेल्या हाकेवर सगळी भिस्त. म्हणूनच बंद-चालू केलं की प्रिंटर हाक द्यायचा, थोडी पानं निघायची आणि नंतर दोघांची चुकामूक व्हायची. दोन महिने डोळ्यासमोर होतं, पण ते पान मी कधी उघडलंच नव्हतं.

राउटरमध्ये पत्ता राखून ठेवला, ॲड पोर्ट करून 'स्टँडर्ड टीसीपी आयपी' घेतलं, तोच पत्ता टाकला, नांदेडच्या बाईंनी सांगितलेली टिक काढली. मग मुद्दाम मेन स्विच तीनदा पाडला. तिन्ही वेळा, राउटर उठल्यावर, पहिल्याच झटक्यात पान आलं. म्हणजे कार्ड चांगलंच होतं.

बीडचे दादा, आमच्या प्रिंटरला लॅनचा खाच नाही, नाहीतर तुमचंच ऐकलं असतं. धाराशिवच्या भाऊंनी छोट्या यूपीएसवर राउटर किती वेळ टिकतो ते जमल्यास लिहावं, बाजारच्या दिवशी आणायचा विचार आहे. पत्ता कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रिंटरच्या झाकणावर चिकटवलाय. मी नसताना धाकटा भाऊ दुकानात असतो, त्यालाही उद्या सकाळी हे पान उघडून दाखवणार आहे.