मदत हवी आहे: लेक थाई शाळेत सहा आठवडे एक शब्दही बोललेली नाही (माए सोत, थायलंड)

नमस्कार. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. नवऱ्याचं सगळं आयुष्य कापडात गेलं. चार महिन्यांपूर्वी त्याला इथल्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात तीन वर्षांची नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं माए सोतला आलो. ताक प्रांतातलं, थायलंडच्या पार पश्चिमेचं हे गाव. मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. आमचं घर नदीच्या बाजूला आहे, इतकं की फोन कधीकधी पलीकडचा टॉवर पकडतो. म्यानमारचं घड्याळ अर्धा तास मागे, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात गजर उशिरा वाजला आणि लेकीची शाळा चुकली. आता स्वयंपाकघरात भिंतीवरचं घड्याळ लावलंय.

कागदपत्रांची घडी बसली आहे. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा, घरमालकीणबाईंनी आमची नोंद करायची, हे सगळं जमलं. अडलंय ते लेकीपाशी.

ती सात वर्षांची आहे. 16 मेला शाळा उघडल्या तेव्हा घराजवळच्या सरकारी शाळेत दुसरीत घातलं. खाजगी इंग्रजी वर्गाचा पर्याय होता, पण तीन वर्षं राहायचं तर इथल्या मुलांत राहावं असं आम्हाला वाटलं. प्राथमिकला इथे 'प्रथोम' म्हणतात आणि माध्यमिकला 'मत्थयोम'. आपलेच प्रथम आणि मध्यम. बाईंना 'ख्रू', म्हणजे गुरू. हे ऐकून मला उगाच धीर आला होता.

आता सहा आठवडे झाले. ती वर्गात तोंडच उघडत नाही. हजेरीलाही फक्त हात वर करते. ख्रू प्रेमळ आहेत, त्यांनी तिची वही दाखवली. 44 व्यंजनं सुरेख गिरवलेली, गणितं सगळी बरोबर. सकाळी आठला झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, तेव्हा ताठ उभी असते. पण शब्द नाही. घरी आली की दप्तर टाकून तासभर मराठीत धो धो बोलते.

आणि गल्लीत ती बर्मी बोलायला लागली आहे! आमच्या गल्लीत बहुतेक घरं नदीपलीकडची. कुणी कारखान्यात शिवणकामाला, कुणी 2021 मध्ये तिकडे लष्कराने सत्ता घेतल्यावर आलेले. मुलं संध्याकाळी रस्त्यावर, आणि ही त्यांच्यात. 'तिट, न्हिट, तोन' (एक, दोन, तीन) करत लंगडी खेळते. शेजारच्या आजींची नात स्थलांतरितांच्या मुलांसाठीच्या केंद्रात शिकते, बर्मी भाषेत. आजींना वाटतं, आज ना उद्या परत जायचंय, तर पोरीची भाषा तुटू नये. थायलंड सरकारने 2005 मध्ये कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळांची दारं उघडली, तरी त्यांनी केंद्रच निवडलं. मला त्यांचं म्हणणं आतपर्यंत कळतं, कारण परत तर आम्हालाही जायचंय. आता लेक म्हणते, मलाही तिच्याबरोबर केंद्राच्या गाडीतून जायचंय.

त्या आजींमुळेच मी इथे तग धरून आहे, हे सांगायलाच हवं. आल्या आल्या बाजारात मला हरभऱ्याची डाळ दिसली. नाव विचारलं तर 'कलापे'. भारतीयांची डाळ, असा अर्थ. एका पावसाळी सकाळी आजींनी वाटीभर गरम पिवळं काहीतरी आणून दिलं, म्यानमारच्या शान लोकांचं 'तोहू'. हरभऱ्याच्या पिठाचं, घट्टसर, वर तेल आणि लसूण. पहिला घास घेतला आणि चुलीवरच्या पिठल्याची चव जिभेवर आली. मला रडू आवरेना. त्यांनी काही विचारलं नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

जूनमध्ये शाळेत 'वाय ख्रू' झालं, गुरुवंदनेचा दिवस. मुलं बाईंसाठी फुलांची तबकं नेतात. यादीत एक गवत होतं, त्याचं नाव मला कळेना. आजींनी अंगणातून उपटून दिलं तर दुर्वा! गवत कसं भराभर पसरतं, तशी विद्या वाढावी म्हणून. त्या रात्री लेक म्हणाली, "आई, ह्यांच्यात पण दुर्वा लागतात." शाळेबद्दल ती आपणहून बोलली ती एवढंच.

माझे प्रश्न असे:

शाळा बदलू का? की थांबू, आणि थांबू तर किती?

मी आधी कुठली भाषा शिकू? बाजार आणि गल्ली बर्मी बोलते, शाळा आणि कचेऱ्या थाई. शाळेचे निरोप फोनवरच्या 'लाइन' ॲपवर थाईत येतात. छापील मजकूर फोन भाषांतरित करतो, हाताने लिहिलेलं काही कळत नाही. स्काउटच्या गणवेशाचा दिवस त्यामुळेच चुकला आणि ती एकटीच साध्या गणवेशात गेली.

तिसरं, त्या केंद्रात मला गणित शिकवायला बोलावतात, बिनपगारी. मी बी.एस्सी. आहे आणि मनापासून जायचंय. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर चालेल का?

माझी आई रोज फोनवर परत या म्हणते. मार्च 2025 मध्ये नदीपलीकडच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या आपल्या मुलांना हवाई दलाच्या विमानाने इथूनच नेलं, ते तिच्या डोक्यातून जात नाही. म्हणून तिला लेकीचं हे सांगितलेलं नाही.

प्रतिसाद १

ताई, आमचा मुलगा जर्मनीत बालवाडीत पाच महिने गप्प होता. नव्या भाषेत पडलेली मुलं आधी नुसतं ऐकून साठवतात. तुमची लेक गल्लीत परक्या भाषेत बोलते आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. खेळात चुकलं तरी कुणी हसत नाही, वर्गात तीस डोळे असतात. "आज बोललीस का?" हे विचारणं आजपासून बंद करा. आम्ही तेच करत होतो आणि तो आणखी मिटत गेला. वर्गातलं एक मूल घरी बोलवा, एकच. पहिल्या सत्राअखेरीपर्यंत काहीच हललं नाही, किंवा ती घरी, गल्लीतही गप्प व्हायला लागली, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

प्रतिसाद २

मी नऊ वर्षं बँकॉकमध्ये आहे. शिकवण्याचं आधी सांगतो: वर्क परमिटशिवाय जाऊ नका. इथल्या कायद्यात बिनपगारी कामही कामच. केंद्र चालवणाऱ्या संस्थेला परमिट काढून देता येईल का, ते विचारा. भाषेचं म्हणाल तर आधी थाई. बर्मी तुम्हाला आजी शिकवतीलच. शब्द अनोळखी नाहीत: फासा म्हणजे भाषा, वेला म्हणजे वेळ, फॉर्मवर 'सामी' दिसलं की तिथे नवऱ्याचं नाव. सूर पाच आहेत, ते मात्र माणसाच्या तोंडूनच शिकावे लागतात. आणि ख्रूंना लिहा की हाताने लिहिलेल्या सूचना आवाजात पाठवा. नक्की पाठवतील.

प्रतिसाद ३

साताऱ्यात प्राथमिक शिक्षिका आहे. परतीची काळजी करू नका. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 4 प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात घेतात. घरी मराठी वाचन-लेखन रोज अर्धा तास ठेवा. केंद्रात पाठवलंत तर तिला थाईही येणार नाही आणि गल्लीतली मैत्री तर संध्याकाळी आहेच. शाळा बदलू नका, बाळा.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद वाचून "बाळा" शब्दाशी बराच वेळ थांबले.

शाळा तीच ठेवतोय. शिकवायला जाणार नाही, संस्थेला परमिटबद्दल विचारलंय. ख्रूंनी आज आवाजी निरोप पाठवला, मी तो सात वेळा ऐकला आणि 'फ्रुंगनी', म्हणजे उद्या, एवढं कळलं. हजेरीच्या वह्या वर्गातून कचेरीत न्यायचं काम त्यांनी लेकीला दिलंय, तिच्याबरोबर एक मुलगी असते. ती शनिवारी आमच्याकडे येणार आहे. आजींची नातही असेल.

प्रतिसाद २ वाल्या दादांना एक विचारायचंय. मी उकडीचे मोदक करणार आहे. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं, ताडगूळ सगळं इथे ताजं मिळतं, आणि बाजारातला 'खनोम तोम' मला मोदकाच्या जवळचा वाटला. वेलची घालू की नको? सात वर्षांच्या थाई मुलीला तो वास चालेल का?