शब्दचर्चा: 'फ्रेज सर्च'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
जुन्या बातम्यांच्या कात्रणांचा शोधसंच करतो आहे. डेटाबेस एसक्यूलाइटचा, शोध त्यातल्या एफटीएस५चा (साठवलेल्या मजकुरात शब्द शोधून देणारा भाग). मदतीचं पान मराठीत लिहिताना 'फ्रेज सर्च'पाशी (अवतरणचिन्हांत दिलेले शब्द त्याच क्रमाने, लागून शोधणं) अडलो. आधी 'वाक्प्रचार शोध' लिहिलं, मग 'पदबंध शोध' केलं. यातला कुठला योग्य? आणखी एक, अवतरणचिन्हांत "पुणे" टाकलं तरी "पाणीपुरवठा"च्या बातम्या येतात. अवतरणचिन्हांचा उपयोगच होत नाही का?

उत्तर
'वाक्प्रचार' तर अजिबात नको. नाकी नऊ येणे, हात टेकणे हे वाक्प्रचार. वाचक तसंच काहीतरी शोधायला जाईल. 'पदबंध' व्याकरणातला शब्द आहे, आणि या शोधाला व्याकरण कळत नाही. तो एवढंच बघतो, की तुम्ही दिलेली टोकनं, म्हणजे शोधासाठी पाडलेले तुकडे, मजकुरात त्याच क्रमाने, एकापुढे एक लागून आली आहेत का. म्हणून मी 'सलग शोध' म्हणेन.

तुमची अडचण या 'टोकन'मध्येच आहे, त्यामुळे तो शब्द तसाच ठेवा, त्याला 'शब्द' म्हणू नका. एफटीएस५चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे हे तुकडे पाडणारा भाग, युनिकोड६१. तो मूळ अक्षरं आणि अंक टोकनात धरतो, पण देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये 'चिन्ह' या वर्गात मोडतात, आणि तिथे तो शब्द तोडतो. 'पुणे'चे उरतात प आणि ण. 'पाणी'चेही प आणि ण. 'पाणीपुरवठा'चे प, ण, प, रवठ. एका शब्दाची अनेक टोकनं झाली की एफटीएस५ त्यांचा आपणहून सलग शोध करतो. म्हणजे अवतरणचिन्हं न देताही तुमचा 'पुणे' हा "प ण" असा सलग शोधच होता! अवतरणचिन्हं आपलं काम करताहेत, त्यांना तुकडे चुकीचे मिळताहेत.

खात्री करायची तर एफटीएस५व्होकॅबचा 'इन्स्टन्स' प्रकारचा तक्ता बनवून बघा. कोणत्या नोंदीत, कितव्या जागी, कुठलं टोकन बसलं आहे ते ओळीने दिसतं. सलग शोध बिघडला की मी सर्वांत आधी हेच उघडतो. क्वेरीत अंदाजाने फेरफार करण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

उपाय: बातम्यांचा मूळ तक्ता बनवताना टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात नेहमीच्या वर्गांबरोबर एमएन आणि एमसी हे दोन चिन्हवर्ग घाला. आधी बनलेल्या तक्त्याचा टोकनायझर बदलत नाही, नवा तक्ता करून मजकूर पुन्हा भरावा लागेल. तेव्हा 'डीटेल' हा टोकनांच्या जागा किती नोंदवायच्या ते ठरवणारा पर्याय 'फुल'च राहू द्या. जागा वाचवायला 'कॉलम' किंवा 'नन' केलात तर सलग शोध चालणारच नाही.

दुसरं मत
आम्ही 'शब्दसमूह शोध' म्हणतो. कानाला बरा वाटतो.

उत्तर
कानाला बरा आहे, पण समूहात क्रम येत नाही. "टंचाई पाणी" आणि "पाणी टंचाई" हा एकच शब्दसमूह, सलग शोध मात्र दोन वेगळे. तो शब्द एफटीएस५च्या 'निअर' या जवळपासच्या शोधासाठी राखून ठेवावा, कारण त्यात क्रम बघत नाहीत, शब्द एकमेकांपासून किती दूर आहेत एवढंच बघतात.

प्रश्नकर्ता
नवा तक्ता केला. 'पुणे' आता बरोबर येतं. पण "पाणी टंचाई" दिल्यावर "पाण्याची टंचाई" येत नाही.

उत्तर
येणार नाही. मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्दाचं रूप बदलतं, आणि युनिकोड६१ला सामान्यरूप माहीत नाही. 'पाणी*' देऊनही भागत नाही, कारण 'पाण्याची'ची सुरुवात 'पाणी' अशी नाही. 'पाण*' द्या. पण सलग शोधात तारांकन फक्त शेवटच्या टोकनाला लागतं, म्हणून इथे 'निअर' घ्या: 'पाण*' आणि 'टंचाई', मध्ये फार तर दोन टोकनं.

मजकूर भरण्याआधी 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'ही एकसारखे करून घ्या. जुन्या टंकनात 'वाऱ्यावर' दोन तऱ्हांनी सापडतं: कुठे 'ऱ' आणि हलन्त, कुठे साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण झेडडब्ल्यूजे एमएन-एमसीमध्ये बसत नसल्याने दुसऱ्या तऱ्हेचा शब्द तिथेच तुटतो. सगळीकडे 'ऱ' करा, आणि शोधपेटीत टंकलेल्या मजकुरावरही तोच बदल चालवा.