अनुभव धागा: मुखवटा उतरवल्यावरचा माणूस

सुरंगीचा वळेसर (देवगड)
मंडळी, बाहेर धो धो चाललंय, लाइट येऊन जाऊन आहे, म्हटलं एक धागा काढूया. शक्तिमान, नागराज, वेताळ (म्हणजे कॉमिकमधला फँटम), स्पायडरमॅन, डेअरडेव्हिल, कोणीही चालेल, पण मारामारीचं कौतुक नको. मुखवटा उतरवल्यावर जो लपवाछपवी करणारा, कुठेतरी कमी पडणारा माणूस उरतो ना, तो तुमच्या आयुष्यात कुठे आडवा आला ते लिहा.

मीच सुरू करते. १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान आलं तेव्हा वाडीत ज्यांच्याकडे कलर टीव्ही त्यांच्या ओटीवर सगळी पोरं, आणि एक जण कायम बाहेर अँटेना फिरवायला. मला गंगाधर आवडायचा, म्हणजे शक्तिमान लोकांत वावरताना जो बनायचा तो. पुढे आलेले दात, तेल थापलेले केस, जाड चष्मा, 'आज की आवाज'मध्ये फोटोग्राफर आणि सगळे त्याला येडा समजणार. आणि गीता विश्वास एवढी पत्रकार, तिला शेजारी उभा असलेला माणूस ओळखू येत नाही! आमच्याकडे कोणी नवीन छत्री आणली तरी तिन्हीसांजेपर्यंत तिची किंमत सगळ्यांना पाठ. त्यामुळे ते गरगर फिरणं, उडणं ठीक आहे, पण कोणाला पत्ता न लागू देता राहणं हीच मला त्याची खरी पॉवर वाटायची.

बांगडो फ्राय
ह्यां माका कधीच पटलां नाय. गीता आमच्या वाडीत रवली आसती तर पयल्याच एपिसोडात घराकडे येवन इचारल्यान आसता, "काय रे गंगाधरा, काल रातीक खय उडत होतंस?"

खाडीपलीकडचा
माझा हिरो वेताळ. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला निघालं आणि १९९० ला बंद पडलं, माझ्या वाट्याला आले ते मामाच्या माळ्यावरचे वाळवीतून वाचलेले अंक. आजोळ आरवलीच्या जवळ. आमचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला हे एवढाले चामड्याचे जोड वाहतात, हे सगळ्यांना माहीत असेल. तर मी ओटीवर पालथा पडून वेताळ वाचतोय, आजीने नाव ऐकलं, पुस्तक हातात घेतलं, आधी चित्रातल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "बुटां घातल्यान हा, मगे झिजतली कशी?"

पण मला लिहायचंय ते वेगळंच. सोळाव्या शतकातल्या पहिल्या वेताळाने बापाच्या खुन्याच्या कवटीवर शपथ घेतली, तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच वेष चढवणार आणि जंगलातल्या लोकांना वाटणार की तोच जुना माणूस आहे, हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा. शहरात जायचं झालं तर कोट, हॅट, काळा चष्मा घालून वॉकर म्हणून जाणार, म्हणजे डोळे तिथेही दिसायचे नाहीत. लहानपणी भारी वाटायचं. मग वडील गेले आणि मी दुकानात बसायला लागलो. गिऱ्हाईकं मलाही "अण्णा" म्हणतात, उधारीची वही तीच, एक म्हातारे तर मागच्या गणपतीचा हिशेब माझ्याशी असा बोलतात जसा तो आमच्या दोघांतच ठरला होता, आणि मीही मान डोलावतो, काय करणार. त्या दिवशी जुने अंक पुन्हा काढले. मधल्या एकोणीस जणांना तुला हे करायचंय का असं कोणी विचारलं असेल का, एवढंच डोक्यात होतं. कोणाला मराठी अंक विकायचे असतील तर व्यक्तिगत निरोप करा.

कुडाळकर
आमचे काका दशावतारात राजा होतात. स्वतःची रंगपेटी, मुकुट, शेला, सगळं स्वतःच बघणार. रात्रभर सिंहासनावर बसून पहाटे घरी यायचं आणि डोळ्यांतलं काजळ धड पुसलेलं नसताना डेअरीवर दूध घालायला जायचं. तिथे सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकला म्हणून चार लोकांत बोलणी खायची, आणि बोलणारा तोच, जो रात्री पहिल्या रांगेत बसून हात जोडत होता. मला ह्यात थेट पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडरमॅन, दिसतो. स्वतःचा वेष स्वतः शिवलेला, स्वतःचेच फोटो काढून डेली ब्यूगलला विकणार, आणि संपादक जेमसन त्याच फोटोखाली हा माणूस शहराला धोका आहे म्हणून छापणार. पैसे मात्र त्याच्याकडूनच घ्यावे लागतात, कारण मे काकूचं घर चालवायचंय. १९६२ पासून हे चाललंय आणि मला अजून कंटाळा आलेला नाही.

नाव नको
रत्नागिरी. १९७९ ची आयर्न मॅनची ती दारूवाली गोष्ट हॉस्टेलवर स्कॅन कॉपीत वाचली. लोकांना आठवतो तो चिलखत घातलेला टोनी, म्हणजे आयर्न मॅन, मला आठवतो तो जार्व्हिस. टोनी पिऊन त्याच्यावर ओरडतो आणि हा म्हातारा नोकर आवाज न चढवता राजीनामा देतो. आमच्या घरी राजीनामा द्यायची सोय कोणालाच नव्हती. पुढे टोनी जार्व्हिसची माफी मागतो, तेवढी पानं मी पुन्हा वाचत नाही. बाकी काही लिहायचं नाही.

तांबडी माती
मला डेअरडेव्हिल, २०१५ ची सिरीज. पहिल्या सीझनमध्ये मॅट, म्हणजे डेअरडेव्हिल, रक्तबंबाळ पडलाय आणि फॉगीला कळतं की आपला आंधळा वकील मित्रच तो मुखवटेवाला. फॉगीचा राग मारामारीवर कमी आणि फसवणुकीवर जास्त आहे. मॅटला समोरच्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात, म्हणजे इतकी वर्षं फॉगी खोटं बोलला की ह्याला कळायचं आणि हा गप्प! माझा भाऊ बोटीवर होता. कंपनीने घरी बसवलं तरी तीन-चार महिने मुंबईतून फोन करून "पोर्टला लागलोय, रेंज नाय" सांगायचा. मागे लोकलची अनाउन्समेंट मला स्वच्छ ऐकू यायची, आईलाही येत असणार, पण ती रोज विचारायची, समुद्र शांत आहे ना रे? तो एपिसोड आम्ही भावंडांनी एकत्र बघितला. तो मध्येच उठून पाणी प्यायला गेला आणि संपेपर्यंत आलाच नाही.

ध्रुव फॅन क्र. १
थोडं विरुद्ध बोलतो, रागावू नका. हल्ली हिरो म्हणजे दारुडा, नाहीतर खिन्न, नाहीतर 'द बॉइज'मधल्या होमलँडरसारखा कॅमेऱ्यापुढे हसणारा राक्षस. सीझनमागून सीझन तेच तेच. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव बघा, १९८७ चा, अंगात शक्ती नाही, तोंडावर मुखवटा नाही, सर्कशीत वाढलेलं पोर, डोकं आणि मोटारसायकल एवढ्यावर काम भागवतो. चिपळूणला स्टँडजवळ भाड्याने मिळायची कॉमिक्स, परत देताना मालक पानं मोजून घ्यायचा. डोगापण वाचायचो, कुत्र्याचा मुखवटा लावून गुन्हेगारांना सरळ गोळ्या घालणारा. तेव्हा टाळ्या वाजवायचो, आता तोच अंक वाचताना पोटात गोळा येतो, कारण असे डोगा होऊ बघणारे दोन-चार आमच्या नाक्यावरच उभे असतात आणि त्यांना मुखवटापण लागत नाही.

कुडाळकर
@ध्रुव फॅन, इंद्रजाल कॉमिक्सच्या बहादूरला विसरलात. बाप डाकू, बापाला मारणाऱ्या पोलिसानेच वाढवलेला पोरगा, कुर्ता आणि जीन्स. त्यालापण मुखवटा नव्हता आणि लपवायची गोष्ट मात्र केवढी.

आंबोळी आणि चटणी
मी ह्यातलं काही वाचलेलं नाही, मुलीबरोबर मोबाइलवर 'मिस मार्व्हल' बघितलं तेवढंच, तेही खिडकीत बसून कारण आत रेंज येत नाही. कमला म्हणजेच मिस मार्व्हल हे तिच्या आईला कळल्यावर ती ओरडत नाही, चक्क ड्रेस शिवून देते. लेक म्हणाली, आई तुला असं कळलं तर? मी म्हटलं कपडे धुवायला माझ्याकडेच येणार ना, मला नाही कळणार तर कोणाला. ती हसली, आणि दोन मिनिटांनी उठून दप्तर आतल्या खोलीत ठेवून आली. ते उघडून बघायचं की नाही ह्यावरून माझं आणि ह्यांचं काल रात्रीपासून चालू आहे. ह्यांचं मत, बघ. मी अजून हात लावलेला नाही.