मदत हवी आहे: दहा वर्षांच्या मुलाला काकांनी गणपतीत फोन दिलाय, काय करू?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली. जरा लांबेल, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही.

आम्ही गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या अलीकडे एका वाडीत राहतो. घरात मी, सासरे आणि मुलगा. नवरा रत्नागिरीला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे मुलगा जूनपासून पाचवीला गाडीने जाऊन-येऊन करतो. गणपतीला मोठे दीर मुंबईहून आले ते त्याच्यासाठी नवाकोरा स्मार्टफोन घेऊन, सिमकार्डासकट. आधी देवापुढे ठेवला आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला. सणाच्या दिवशी भरल्या घरात मी काय बोलणार? भावोजींची माया खरी आहे. २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली तेव्हा पहिले पैसे त्यांनीच पाठवले होते. म्हणून तर हे इतकं अवघड झालंय.

फोन नकोच, असं माझं म्हणणं नाही. जुलैत एकदा रस्त्यावर झाड पडलं आणि संध्याकाळची गाडी अडकली. पोरं भर पावसात चालत निघाली. पावणेआठला पाखाडीवर शेजारच्या वाडीतल्या काकांच्या बॅटरीचा उजेड दिसला, तोवर मी आणि सासरे खळ्यात उभे होतो. त्या दोन तासांत कोणी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, आत्ताच्या आत्ता फोन घेऊन द्या.

पण त्या फोनचं पुढे काय झालं ते सांगते. आमच्या घरात नेट येत नाही. आगराच्या गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावर, बसलं की दोन कांड्या येतात. मुलगा शाळेतून येतो, दप्तर ओटीवर टाकतो आणि गणवेशावरच गडग्यावर जाऊन बसतो, तो दिवेलागणीपर्यंत. परवा हाक मारून उठेना म्हणून जवळ गेले तर दोन्ही पोटऱ्या डासांनी फोडून काढलेल्या, आणि त्याला पत्ताच नाही. चुलतभावाने त्याला इन्स्टाग्रामचं खातंही उघडून दिलंय, जन्मसाल खोटं टाकून. तिथे १३ वर्षांची अट आहे, हा दहाचा.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. सासरे त्याला तीन वर्षं खाडीवर मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला नेतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी त्याला शिकवलं होतं. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती आणि दहाच्या सुमारास पुरती ओहोटी. आठ वर्षांचा असताना हा बोटं मोजून सांगायचा आणि आजोबा गावभर कौतुक करत फिरायचे. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "काय रे, आज ओहोटी कधी?" तर मान वर न करता म्हणाला, "थांबा आजोबा, बघून सांगतो." ते थांबले नाहीत. टोपली घेऊन एकटेच गेले.

त्या रात्री मी फोन काढून घेतला तर म्हणतो, "काकांनी मला दिलाय, तू कोण घेणारी?" असं तो आधी कधीच बोलला नव्हता. तेव्हापासून मला एक कळलंय. फोन घरचा असता तर मी तो उचलून फळीवर ठेवला असता आणि विषय संपला असता. त्याचा स्वतःचा आहे म्हणून मी ठेवायला गेले की ते हिसकावणं होतं. दहा वर्षांच्या पोराला स्वतःला थांबवता येत नाही, यात त्याचा दोष नाही. म्हणून मला हा फोन घरचा करायचाय, आणि शाळेच्या वाटेसाठी त्याला साधा बटणांचा फोन द्यायचाय, ज्यात फक्त बोलता येईल.

असा साधा फोन कोणी पाचवी-सहावीच्या मुलाला दिलाय का? इतर मुलं चिडवतात का, आणि चिडवली तर मूल तो दप्तरातच बंद करून ठेवतं का? फॅमिली लिंक, म्हणजे पालकांच्या फोनवरून मुलाच्या फोनवर मर्यादा घालायचं गूगलचं ॲप, लावून बघू म्हणते, पण घरात नेट नसताना त्यातली वेळेची मर्यादा चालते का? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं गावाने ठरवलं होतं. आमच्या वाडीत शाळेत जाणारी मुलं सात. एवढ्याशा वाडीत कोणी असं काही करून बघितलंय का? एकट्या माझ्या पोराचा फोन बंद आणि शेजारच्याचा चालू, हे फार दिवस टिकणार नाही असं मला वाटतं.

आणि मुख्य म्हणजे, भावोजींना कसं सांगू? जाऊबाईंना आधी सांगितलं तर ते माझ्या आडून त्यांच्यापर्यंत जाईल, ते मला नको. नवरा म्हणतो, "तूच बोल, तुझं ते ऐकतात."

भर: उत्तरांबद्दल मनापासून आभार. गृहपाठाचं ज्यांनी विचारलं त्यांना, वर्गाचा ग्रुप माझ्याच फोनवर आहे, त्यासाठी त्याला वेगळा फोन लागत नाही. नेट नसतानाही पालकाच्या फोनमधल्या कोडने मुलाचा फोन उघडता येतो हे मला माहीत नव्हतं, आज रात्री लावून बघते. शनिवारी नवऱ्याबरोबर शृंगारतळीला जाऊन बटणांचा फोन आणतोय.

भावोजी दिवाळीला येणार आहेत. तोवर थांबून समोर बसून बोलू, की आधीच फोनवर कानावर घालू? दिरांशी असं बोलायची वेळ कोणावर आली असेल तर तेवढं नक्की सांगा.