हलकं सीएसएस फ्रेमवर्क: डेव्हलपमेंट थांबलंय म्हणून बदलायचं का?

ग्रंथपाल_रायगड

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची छोटीशी वेबसाइट मी सांभाळतो. वेळापत्रक, नव्या पुस्तकांची यादी, सभासदत्वाचा अर्ज, बस. एका जुन्या सभासदाने ती स्केलेटन या हलक्या सीएसएस फ्रेमवर्कवर (म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या तयार नियमांच्या फाइलवर) बांधून दिली होती. स्केलेटनची शेवटची आवृत्ती २.०.४, डिसेंबर २०१४ मधली. त्यानंतर काहीच आलेलं नाही. कार्यकारिणीत विषय निघाला की बंद पडलेलं कशाला ठेवायचं, ज्याचं काम चालू आहे असं काहीतरी घ्या. मी पिको, मिलिग्राम आणि बुल्मा ही तशीच फ्रेमवर्कं पाहून ठेवली आहेत.

मला एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी येतं. नोड, बिल्ड (सोर्समधून वापरायची फाइल बनवण्याची पायरी) वगैरे नको आहे, कारण माझ्यानंतर जो कोणी येईल त्यालाही हे जमलं पाहिजे. काउंटरवरचा संगणक अजून विंडोज ७ चा आहे. कोणतं घ्यावं? आणि सीएसएसच्या बाबतीत ‘डेव्हलपमेंट चालू आहे’ याला किती महत्त्व द्यायचं? जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी

बिल्ड नको असेल तर फ्रेमवर्कची तयार सीएसएस फाइल घ्या आणि सासच्या (जिच्यातून सीएसएस तयार करतात त्या भाषेच्या) वाटेला जाऊ नका. काम थांबल्याचा खरा फटका तिथे बसतो. सासचं सीएसएस करून देणारं लिबसास २०२० मध्येच ‘कालबाह्य’ जाहीर झालं. तेच काम करणाऱ्या डार्ट सासने ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरी फाइल आत घेण्याच्या जुन्या ‘इंपोर्ट’ला ‘कालबाह्य’ ठरवलं आणि ३.० मध्ये ते काढूनच टाकणार आहेत. ज्या फ्रेमवर्कचं सोर्स कोणी सांभाळत नाही, ते उद्या कंपाइलच होणार नाही. बुल्माने मार्च २०२४ मध्ये १.० आणताना सगळं डार्ट सासवर नेलं, रंग आणि मापं सीएसएस व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या, एका जागी बदलता येणाऱ्या किमतींमध्ये) आणली. काम चांगलं आहे, पण तीन पानांच्या साइटला ते मोठं पडेल.

काना_मात्रा

बदला, पण २०१४ हे साल बघून बदलू नका.

ब्राउझर जुनं सीएसएस सहसा मोडत नाहीत. स्केलेटनचे कॉलम फ्लोटवर (शेजारी शेजारी मांडण्याच्या जुन्या पद्धतीवर) उभे आहेत, फ्लोट आजही चालतं आणि पुढेही चालेल. चारशेच्या आसपास ओळींची ती फाइल आहे, एका संध्याकाळी वाचून होते. एवढ्या लहान फाइलवर वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून ती कुजत नाही. सासबद्दल वर लिहिलंय ते अगदी खरं आहे, पण तयार फाइल वापरणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

तुमची अडचण वेगळीच आहे, आणि ती २०१४ मध्येसुद्धा होती. ही फ्रेमवर्कं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. स्केलेटनचं बटण उघडून बघा: फॉन्ट ११ पिक्सेल, अक्षरांमध्ये एक पिक्सेलचं जादा अंतर आणि सगळं कॅपिटल करण्याची सूचना. कॅपिटलचा आपल्याला उपयोगही नाही, त्रासही नाही. पण त्या एका पिक्सेलने शिरोरेषा तुटते. ‘अर्ज पाठवा’ची अक्षरं सुटी सुटी दिसतात, आणि ११ पिक्सेलमध्ये वेलांटी आणि रफार ओळखायला डोळे ताणावे लागतात. मोठ्या शीर्षकांना याच्या उलट, अंतर उणे आहे, त्यामुळे काना पुढच्या अक्षराला जाऊन चिकटतो. मिलिग्राममध्येही बटणांना तेच जादा अंतर, शीर्षकांना तेच उणे अंतर, आणि शिवाय सगळ्या मजकुरालाच थोडं लेटर-स्पेसिंग. ते आकाराला फार लहान आणि नेटकं आहे, इंग्रजी साइटसाठी मी आनंदाने सुचवीन. मराठी वाचनालयाच्या पानावर नको.

तुमच्यासाठी मी पिको म्हणेन. त्याचा पाया साध्या एचटीएमएलवर आहे. आर्टिकल टॅग लिहिला की कार्ड तयार होतं, फॉर्मचे रकाने कुठलाही क्लास न देता नीट दिसतात, क्लास अजिबात नसलेली वेगळी आवृत्तीही मिळते. त्यामुळे उद्या पिको काढून टाकलंत तरी तुमचं एचटीएमएल स्वच्छच राहील. तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला याचा सगळ्यात जास्त फायदा.

पण पिकोतही एक गोष्ट स्वतः बदलावी लागेल. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एच-वन म्हणजे मुख्य शीर्षकाची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.१२५ आहे. इंग्रजी शीर्षकाला ती शोभते. आपल्याकडे ‘कर्तृत्व’ या एका शब्दात वर रफार आणि खाली ऋकार येतो. शीर्षक दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. मी एच-वन, एच-टू, एच-थ्रीला १.४ आणि मजकुराला १.७ ठेवते. लक्षात ठेवा, पिको लाइन-हाइटचं व्हेरिएबल प्रत्येक शीर्षकावर स्वतंत्रपणे ठरवतं. म्हणून ते रूटवर (सगळ्या पानाच्या मूळ नियमात) बदलून शीर्षकं हलणार नाहीत, त्या त्या टॅगवरच बदलावं लागेल. तुमची फाइल पिकोच्या नंतर जोडा.

दुसरं, मोठ्या पडद्यावर पिको अक्षरं वाढवत नेतं. १५३६ पिक्सेल रुंदीला मूळ माप १३१.२५ टक्के होतं, म्हणजे १६ चे २१ पिक्सेल. लेखाच्या पानावर छान वाटतं, पण पुस्तकांच्या यादीत एका नजरेत मावणाऱ्या ओळी कमी होतात. ते मात्र रूटवर १०० टक्के लिहून थांबवता येतं.

ग्रंथपाल_रायगड

खूप आभार. बटणांवरची रेघ तुटते ती मला इतके दिवस फॉन्टची चूक वाटत होती. अंतर शून्य केलं आणि लगेच सरळ झाली.

दोन शंका. पिको सीडीएनवरून (दुसऱ्याच्या सर्व्हरवरून थेट) घ्यावं की फाइल उतरवून? आणि विंडोज ७ वर हे नीट चालेल का?

काना_मात्रा

फाइल उतरवून साइटसोबतच ठेवा, आणि वर कॉमेंटमध्ये आवृत्तीचा आकडा लिहा. ज्या फ्रेमवर्कचं काम जोरात चालू असतं तिथे ही काळजी अधिक घ्यावी लागते. २०२४ मध्ये पिको २ आलं तेव्हा सगळ्या व्हेरिएबलच्या नावांआधी ‘पिको’ लागलं. बदल चांगला होता, दुसऱ्या कोडशी टक्कर टळली. पण ज्यांनी आवृत्ती न ठरवता कायम सगळ्यात ताजी फाइल ओढायचं ठेवलं असेल, त्यांनी निवडलेले रंग एका रात्रीत लागू होईनासे झाले असणार. काम चालू असल्याचा हाही एक अर्थ आहे, आणि कार्यकारिणीला तो जरूर सांगा.

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. कॅस्केड लेअर (नियमांचा अग्रक्रम ठरवणाऱ्या पातळ्या) क्रोम ९९ पासून आहेत, त्या चालतील. पण सीएसएसमधलं नवं नेस्टिंग ११२ मध्ये आलं, म्हणून तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये नियमात नियम घालू नका. दुसरं म्हणजे विंडोज ७ वर निर्मला फॉन्ट नसतो, तो विंडोज ८ पासून आला. काउंटरवर मंगल दिसेल, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर. तिन्हींची उंची वेगवेगळी असते, तेव्हा बटणाला ठरावीक उंची देऊ नका, वर-खाली पॅडिंग द्या. आणि एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहायला विसरू नका. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात.

रात्रपाळी

लाइन-हाइटचं हे प्रत्येकाने आपापल्या साइटवर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पिकोच्या गिटहबवर (जिथे त्याचा कोड ठेवलेला आहे) कळवलं तर?

काना_मात्रा

जरूर कळवावं, आणि ग्रंथपालांनीच कळवावं, कारण त्यांच्याकडे चालू साइट आहे. नुसतं ‘देवनागरी नीट दिसत नाही’ लिहून भागणार नाही. ज्याला ही लिपी वाचता येत नाही त्याला त्यात काय बिघडलंय ते दिसतच नाही. एक एच-वन, अरुंद रकाना आणि ‘दुर्मीळ पुस्तकांची सर्वांसाठी सूची’सारखं दोन ओळींत मोडणारं शीर्षक, एवढंच पान बनवा. जिथे उकार आणि रफार भिडतात तिथे चित्रावर लाल गोल काढा. ब्राउझर, त्याची आवृत्ती आणि फॉन्ट लिहा. सोबत उपायही द्या: भाषेच्या सिलेक्टरने फक्त मराठी, हिंदी, नेपाळीसाठी शीर्षकांची लाइन-हाइट वाढवणारा नियम. इंग्रजी साइटना त्याचा धक्का लागत नाही, त्यामुळे तो स्वीकारणं सांभाळणाऱ्याला सोपं जातं.

मसुदा इथे टाका, इंग्रजी मी तपासून देते.