पिंगुळीचं ठाकर आदिवासी कला आंगण: आई आणि लेकीला घेऊन जायचंय, सल्ला हवा

रानजाई: नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीहून वेंगुर्ल्याला, आईच्या माहेरी जातोय. लेक चौथीत आहे. शाळेत वारली चित्रं काढल्यापासून तिला ती काढणारी माणसं बघायची आहेत. कुडाळजवळ पिंगुळीला आदिवासी कलेचं संग्रहालय आहे असं कळलं. मूल रमेल का? वेळ किती ठेवावा? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं होणार नाही.

कुडाळवालो: पिंगुळी आमच्या कुडाळाक लागानच आसा. गुढीपुरात 'कला आंगण' म्हणून विचारल्यात तर कोणीय दाखवतलो. कोकणकन्या नायतर मांडवी धरा, दोनय कुडाळाक थांबतत, स्टेशनार रिक्षा गावता. पण आधी फोन करा हां. घरातलेच लोक खेळ घेवन गावोगाव जातत. आमचे पावणे एकदा न सांगता गेले नि तसेच परत इले.

चित्रकाठी: रानजाई, आधी एक गोष्ट लेकीला सांगून ठेवा, म्हणजे तिथे हिरमुसणार नाही. वारली चित्रं डहाणू-तलासरी-जव्हार पट्ट्यातली, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली. पिंगुळीची कला निराळी. इथल्या ठाकरांची चित्रकथी कागदावरची, रंगीत, रामायण-महाभारतातली. एका आख्यानाची सगळी चित्रं एका गठ्ठ्यात बांधलेली असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. ही पोथी आपण वाचायची नसते. कलाकार एकेक चित्र समोर उभं धरतो आणि वीणा, टाळ आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य यांच्या साथीने त्या चित्रातला प्रसंग गाऊन सांगतो. या मंडळींना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता आणि खेळ देवळांतून व्हायचे.

संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांचं मोठं दालन डोळ्यासमोर आणू नका. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरचा गोठा बदलून ते उभं केलं. त्यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा आम्हा सिंधुदुर्गातल्यांना फार आनंद झाला. आत जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं असं सगळं आहे. नुसतं बघत फिरलात तर अर्ध्या तासात बाहेर याल आणि खरं ते राहून जाईल. माझं ऐका, फोनवरच खेळाचं विचारून घ्या, त्याचं मानधन ठरवा आणि अख्खी सकाळ मोकळी ठेवा. चित्रकथी हे नाव चित्राचं जितकं तितकंच कथेचं आहे.

सह्यभटक्या: जुन्या चित्रांवर फ्लॅश मारू नका, कागद नाजूक असतो. आणि जमलं तर एखादं चित्र विकत घ्या. घासाघीस करू नका. त्या एका कागदामागे किती दिवस गेलेत ते तिथे विचारा, मग किंमत आपोआप पटते. जवळच राऊळ महाराजांचा मठ आहे. दुपारनंतर सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवताना बघता येईल, लाकडी खेळण्यांसाठी चितारआळी. पण आजींचे गुडघे दुखत असतील तर सावंतवाडी दुसऱ्या दिवशी करा.

रानजाई: सगळ्यांचे आभार. सावंतवाडी दुसऱ्या दिवशीच ठेवते. एक विचारायचं राहिलं, कर्जतकडचे ठाकर आणि हे एकच का?

चित्रकाठी: नाव एक, पण चित्रकथी नि बाहुल्यांची परंपरा या सिंधुदुर्गातल्या ठाकरांची. कर्जत भागातल्या ठाकरांची गाणी, नाच, बोली वेगळी. लेकीने विचारलं तर दोन्ही वेगळं सांगा. पुण्याच्या आदिवासी संग्रहालयातही कधी घेऊन जा, तिथे राज्यातल्या बऱ्याच जमातींच्या वस्तू एकत्र बघायला मिळतात.

रानजाई: जाऊन आलो! लिहायलाच हवं. फोन करून गेलो होतो, त्यामुळे खेळ मिळाला. चामड्याच्या बाहुल्या हातात घेतल्या तेव्हा जुन्या, काळपट वाटत होत्या. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लागला आणि त्याच बाहुल्या पेटल्यासारख्या दिसायला लागल्या. चामड्याला पाडलेल्या बारीक भोकांतून उजेड येतो, मुकुटाचा एकेक मणी दिसतो. लेक पडद्याच्या पुढून मागे, मागून पुढे तीनदा जाऊन आली. कोणी तिला हटकलं नाही.

आई खुर्चीवर शांत बसली होती. कळसूत्री बाहुल्या नाचायला लागल्या आणि हुडूक वाजला, तशी ती एकदम म्हणाली, "ह्यो आवाज माका ठावक आसा." लहानपणी वेंगुर्ल्याच्या देवळात रात्री हा खेळ व्हायचा, ती मावशीच्या मांडीवर झोपून जायची आणि मधेच या आवाजाने जागी व्हायची. चाळीस वर्षं मी तिची मुलगी आहे, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. खेळ संपल्यावर तिने कलाकारांना त्या देवळाचं नाव सांगितलं, आणि मग तासभर आम्हाला निघताच आलं नाही.