गुलमर्गच्या प्राथमिक स्की अभ्यासक्रमासाठी बूट कोणत्या मापाचे घ्यावेत?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी मुलगी गुलमर्ग येथे प्राथमिक स्की अभ्यासक्रमासाठी जाणार आहोत. सचखंड एक्सप्रेसने दिल्लीपर्यंत आणि तेथून श्रीनगर असा बेत ठरला आहे. आम्ही दोघांनीही सह्याद्रीत बरीच भटकंती केली आहे, त्यामुळे चालण्याच्या बुटांची चांगली माहिती आहे. परंतु स्कीचे बूट आम्ही आजवर हातातही घेतलेले नाहीत आणि आमच्या भागात ते पाहायला मिळण्याची सोय नाही.

माझे वय 46 आहे, वजन 72 किलो आहे आणि मी 8 नंबरचे बूट वापरतो. मुलगी 19 वर्षांची आहे. ती शाळेपासून खो-खो खेळते, त्यामुळे तिच्या पोटऱ्या भरदार आहेत, आणि दोन वर्षांपूर्वी तिचा डावा घोटा मुरगळला होता. तिचे डावे पाऊल उजव्यापेक्षा किंचित लांब असल्याचेही आमच्या लक्षात आले आहे.

ट्रेकिंगमधल्या मित्रांचा सल्ला असा आहे की, बर्फात जायचे म्हणजे लोकरीचे दोन जोड मोजे घालावेत आणि त्यासाठी बूट एक नंबर मोठाच घ्यावा. हा सल्ला योग्य आहे का? बूट विकत घ्यावेत की तेथे भाड्याने मिळणारे चालतील? आणि बूट पायात नीट बसला आहे हे नवख्या माणसाने कसे ओळखावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

हिमरेषा (मूळ अंबाजोगाई, सध्या म्युनिक)

गोदाकाठ, आपल्या मित्रांचा सल्ला चालण्याच्या बुटांसाठी अगदी बरोबर आहे. गड उतरताना पाऊल पुढे सरकते, दिवसभरात ते सुजते, म्हणून तेथे बोटांपुढे जागा ठेवावीच लागते. स्कीच्या बुटाचे काम मात्र निराळे आहे. आपण नडगीने बुटाच्या जिभेवर पुढे दाब देतो किंवा पाय बाजूला कलवतो, तेव्हा ती हालचाल जशीच्या तशी स्कीपर्यंत पोहोचावी लागते, तरच स्कीची कड बर्फात रुतते आणि वळण घेता येते. बुटात पाऊल हलायला जागा असेल तर पाय कलतो आणि स्की सरळच जात राहते. मग नवखा माणूस पायाची बोटे आवळून बूट धरून ठेवू पाहतो, बकल्स गच्च आवळतो, पावलाच्या पाठीवरच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बोटे बधिर व गार पडतात. मोठ्या मापाच्या बुटात पाय गार पडतात ते असे; थंडीच्या भीतीने मोठा बूट घेणाऱ्यालाच थंडी जास्त वाजते.

म्हणून मोजे एकच जोड, पातळ, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, गुडघ्याच्या थोडे खालपर्यंत येणारे आणि सुरकुती न पडणारे असावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ते नकोत. ऊब देण्याचे काम आतला मऊ लायनर करतो. बाहेरचे कडक कवच, ज्याला सगळे शेल म्हणतात, ते प्लॅस्टिकचे असते. 1960 च्या दशकात चामड्याच्या बुटांची जागा या प्लॅस्टिकने घेतली. चामडे पायाच्या आकाराला हळूहळू वळत असे, प्लॅस्टिक तसे वळत नाही, त्यामुळे माप सुरुवातीलाच बरोबर असावे लागते.

आता मापाविषयी. स्कीच्या बुटाचे माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, म्हणून आपला 8 नंबर विसरून जावा. संध्याकाळी, भिंतीला टाच टेकवून, कागदावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी दुसऱ्या माणसाने पेन्सिल उभी धरून खूण करावी. दोन्ही पावले स्वतंत्र मोजावीत. आपण जो नंबर एरवी वापरतो त्याच्या मानाने ही लांबी अनेकदा कमी भरते, कारण रोजचे बूट आपण सैलच घेतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 यांचे शेल एकच असते आणि फरक आतल्या लायनरचा किंवा तळपट्टीचा असतो. त्यामुळे अर्धा क्रमांक वाढवल्याने आपल्याला वाटते तेवढी जागा वाढत नाही.

बुटाची खरी परीक्षा लायनर काढून करावी. रिकाम्या शेलमध्ये पातळ मोजा घातलेले पाऊल सोडावे, बोटे पुढच्या भिंतीला जेमतेम टेकवावीत, गुडघा थोडा वाकवावा आणि टाचेच्या मागे किती फट राहते ते पाहावे. शिकाऊ माणसासाठी दीड सेंटिमीटर उत्तम. अडीचच्या पुढे फट असेल तर तो बूट परत करावा. यासाठी सुताराकडून दीड आणि दोन सेंटिमीटर जाडीचे लाकडाचे दोन गुळगुळीत तुकडे करून घ्या आणि खिशात ठेवा. टाचेमागे तुकडा सरकवून पाहिला की बोटांनी अंदाज करण्याची गरज उरत नाही.

बूट घालण्याचीही रीत आहे. सगळे बकल्स आणि वरचा वेल्क्रोचा पट्टा पूर्ण मोकळा करावा, जीभ वर ओढून बाहेर काढावी, शेलच्या दोन्ही कडा फाकवून पाऊल आत घालावे आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटावी, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. नंतर नडगी पुढे झुकवून वरच्या भागाचे, म्हणजे कफचे बकल्स हलकेच लावावेत, मग पावलाच्या पाठीवरचे, आणि बोटांजवळचे सर्वांत शेवटी व सर्वांत सैल. गुडघे दोन-चारदा पुढे वाकवून कफ एकेक दात आवळावा आणि शेवटी पट्टा ओढावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती थोडी मागे सरून मोकळी झाली पाहिजेत. बहुतेक नवशिके सरळ उभ्या अवस्थेतच बूट लहान आहे असे ठरवतात आणि मोठा मागतात. वाकल्यावर टाच उचलली जात असेल तर मात्र तो बूट आपला नाही. बुटाच्या आत मोज्याखेरीज काहीही जाऊ देऊ नये. थर्मलची कड नडगीवर आली की दुपारपर्यंत तेथे वळ उठतो.

ताठरपणाचा आकडा, म्हणजे फ्लेक्स, आपल्यासाठी 70 ते 90 आणि मुलीसाठी 50 ते 70 यांच्या दरम्यान पुरे. हा आकडा सर्व कंपन्यांत सारखा मोजला जात नाही आणि थंडीत प्लॅस्टिक आणखी कडक होते, म्हणून दुकानात जरा मऊ वाटलेला बूटच उतारावर योग्य ठरतो.

सांधेदुखी (छत्रपती संभाजीनगर)

मी भौतिकोपचार करते. स्कीचा अनुभव नाही, तरी पावलांविषयी थोडे सांगते.

आपल्याकडे बालपणापासून चपला आणि शेतात अनवाणी चालणे असल्यामुळे अनेकांचा चवडा पसरट आणि टाच त्यामानाने निमुळती असते. अशा पावलाला अरुंद बूट दिला तर करंगळीच्या मुळाशी दुखते, आणि रुंद दिला तर टाच सुटते. बुटाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगितलेली असते, साधारण 97 ते 104 च्या दरम्यान, आणि तो आकडा बहुधा 26.5 मापाच्या बुटाचा असतो. आपले पाऊल पसरट असेल तर 100 च्या पुढचा बूट मागावा, पण निर्णय टाचेवरून घ्यावा.

दोघांनीही आजच एक करून पाहावे. अनवाणी उकिडवे बसावे. टाचा जमिनीला टेकून राहत असतील तर घोटा पुरेसा वाकतो. टाचा उचलल्या जात असतील तर पुढे झुकलेल्या बुटात टाच वर येऊ पाहील. अशा वेळी टाचेखाली पातळ पाचर घातल्याने आराम पडतो. मुलीचा डावा घोटा उजव्याइतका वाकतो का, हे यातच दिसेल. फरक मोठा असेल तर प्रवासाआधी महिनाभर व्यायाम करून घ्यावा.

टाचांना भेगा असतील तर आतापासूनच मलम लावून त्या भरून आणाव्यात. भोवरी असेल तर ती काढून घ्यावी. नखे आडवी सरळ आणि आखूड कापावीत, पण निघण्याच्या आदल्या दिवशी नको; ओल्या कापाला बुटात घाम लागला की ठणका लागतो.

गोदाकाठ (परभणी)

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मापे घेतली. माझी दोन्ही पावले 26.4 सेंटिमीटर भरली. मुलीचे उजवे पाऊल 23.4 आणि डावे 23.8 आहे. उकिडवे बसल्यावर तिच्या दोन्ही टाचा टेकतात, माझी मात्र उजवी टाच थोडी उचलली जाते.

आता प्रश्न असा की, मुलीसाठी 23.5 मागावा की 24? आणि सामान वाटपाच्या वेळी रांगेत इतकी तपासणी करू देतील का?

बालाघाट (धाराशिव)

मी गुलमर्गला हाच प्राथमिक अभ्यासक्रम केला आहे, म्हणून रांगेविषयी मी सांगतो. सामान वाटप घाईत होते, हे खरे. पण नम्रपणे सांगितले की बूट बदलून देतात. पहिल्या संध्याकाळी बूट मिळाले की खोलीत किमान अर्धा तास ते घालून उभे राहा, गुडघे वाकवा, जिने मात्र चढू-उतरू नका, कारण त्याने तळ झिजतो. दुखण्याची जागा तेव्हाच कळते आणि सकाळी वर्ग सुरू होण्यापूर्वी बदल करून घेता येतो. एकदा वर्ग उतारावर गेला की बदलाची संधी दुपारीच मिळते.

हिमरेषा यांच्या एका मताशी मी पूर्ण सहमत नाही. दीड सेंटिमीटरची फट ही स्वतःच्या बुटासाठी योग्य आहे. भाड्याच्या बुटाचा लायनर अनेकांच्या पायांनी आधीच दबलेला असतो, हे मान्य. पण पहिल्या अभ्यासक्रमात माणूस बराच वेळ बुटांतच उतार चढतो, रांगेत उभा राहतो, पडतो आणि उठतो. पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी फार घट्ट बूट घेतला तर दुपारपर्यंत शिकण्यावरचे लक्ष उडते. मी दोन सेंटिमीटरपर्यंत जाऊ देईन.

बूट तपासताना बकलच्या खिळ्यांभोवती पांढरे पडलेले प्लॅस्टिक किंवा केसासारखी भेग दिसते का ते पाहा. दिसल्यास तो बूट घेऊ नका. रात्री लायनर बाहेर काढून खोलीत हवेवर वाळवा, हीटरला टेकवू नका. बूट व्हरांड्यात ठेवले तर सकाळी शेल इतके कडक होते की पाऊल आत जातच नाही.

विकत घेण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: या वर्षी नको. मोजे मात्र स्वतःचे न्या, आणि पावलाची कमान उंच असेल तर तळपट्टीही स्वतःची न्या.

हिमरेषा (मूळ अंबाजोगाई, सध्या म्युनिक)

बालाघाट यांचा मुद्दा मला पटतो. भाड्याच्या बुटासाठी दोन सेंटिमीटर धरावे. मात्र दबलेल्या लायनरमुळे टाच सुटत नाही ना, हे वाकून नक्की पाहावे.

मुलीच्या बाबतीत लांब पाऊल माप ठरवते, म्हणून तपासणी डाव्या पायाने करावी. आधी 23.5 घालून पाहा. अनेक कंपन्यांत 23 आणि 23.5 यांचे शेल एक आणि 24 पासून पुढचे शेल सुरू होते. म्हणजे 24 घेतल्यास अर्धा नव्हे, एका शेलचा फरक पडतो. डाव्या टाचेमागे दीड सेंटिमीटरचा तुकडा जात असेल तर 23.5 च ठेवा. जात नसेल तरच 24 घ्या आणि उजव्या लायनरखाली पातळ तळपट्टी घालून जागा भरून काढा. भरदार पोटरीसाठी महिलांचा बूट मागा, त्याचा कफ आखूड असतो आणि वरचा घेर मोठा असतो. तरीही वरचे बकल पोहोचत नसेल तर बकलची तार उलट्या दिशेने फिरवून लांब करता येते, किंवा त्याचा दातेरी पट्टा शेलवरच्या पुढच्या छिद्रात हलवून मिळतो. खालचे बकल्स जास्त आवळून त्याची भरपाई करू नका.

आपली उजवी टाच उचलली जाते, तेव्हा सांधेदुखी यांनी सांगितलेली पाचर घेऊन जा. पाच-सहा मिलिमीटर जाडीची पुरेल. ती लायनरच्या आत न ठेवता लायनर आणि शेल यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे ती सरकत नाही.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची आहे. बुटाच्या टाचेजवळ बाजूला तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ 305. स्कीवरचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, त्या लांबीला बसवलेले असते, आणि पडल्यावर बूट किती जोर लागल्यावर सुटावा हे त्या लांबीवर तसेच आपल्या वजन, उंची, वय आणि कौशल्यावर ठरते. 26 आणि 26.5 चे शेल एकच असले तरी दुसऱ्या कंपनीच्या त्याच मापाच्या बुटाची ही लांबी वेगळी असू शकते. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या मध्यात बूट बदलला तर आधीच्याच स्कीवर तो नुसता दाबून बसवू नका. प्रशिक्षकांना सांगा, तंत्रज्ञाकडून बाइंडिंग नव्याने जुळवून घ्या, आणि आपले वजन सांगताना ते कमी करून सांगू नका. बाइंडिंगवरचा, बूट किती जोरावर सुटावा हे ठरवणारा आकडा पेचकसने स्वतः फिरवायचा नाही, हे मुलीलाही सांगून ठेवा.